वावरातला पांढरा खांब

मोजणीवाले येणार असं गावात कळलं, तेव्हा मायनं मला फोन करून एकच काम सांगितलं. खाणीसाठी जाणाऱ्या शेतांमधल्या झाडांची, विहिरींची, गोठ्यांची यादी होणार होती. त्या यादीत माझ्या बहिणीची जागाही लिहिली जावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"इहीर लिहितात, बोरीचं झाड लिहितात, मंग तिले काहून नाही लिहिणार?" ती म्हणाली. "तू कॉलेजात शिकून राह्यली. तुह्यं आयकतीन ते."

मी हो म्हटलं. तेव्हा मी वणीला, होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नव्हतं, पण मायला तसं सांगणं जमलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे साहेब लोकांशी कसं बोलायचं हे मला येत असणार, असं मायनं केव्हाच धरून ठेवलं होतं.

माझ्याआधी मायला एक मुलगी झाली होती. ती महिनाभराची असताना तापानं गेली. दात न आलेल्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बाबांनी तिला आमच्याच वावरात, नाल्याच्या बाजूच्या बांधाजवळ पुरलं. वर दगड ठेवले, जनावरांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या. बायकांनी तिथे जायचं नसतं, म्हणून माय गेली नाही. तिला ती जागा नंतर बाबांनी दाखवली.

तेवढा तुकडा बाबांनी कधी नांगरला-वाहिला नाही. वखर त्या जागेशी आला की ते तो उचलून धरत आणि पलीकडे टेकवत. कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळी तिथे तुटायच्या आणि पुढे पुन्हा सुरू व्हायच्या. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच वावरात अशी एक मोकळी जागा सोडतात.

त्या जागेवर गुडघ्याएवढा सिमेंटचा चौकोनी खांब होता. माय दर दिवाळीला त्याला चुना लावायची. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावरात मातीची ढेकळं मांडून पूजा करायची, दहीभात शिंपडायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. त्या दहीभातातला एक घास माय खांबावर ठेवायची. रडायची वगैरे नाही. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, तीच पोरगी परत तुझ्या पोटाला आली, आता तिकडे कशाला जातेस? त्यावर मायचं उत्तर ठरलेलं होतं. "ते ते होती. हे हे हाय." एवढं बोलून ती कामाला लागायची. मला आतून बरं वाटायचं आणि थोडं वाईटही. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

खांबावर अक्षरं होती. ओल्या सिमेंटवर काडीनं कोरावीत तशी तीन इंग्रजी अक्षरं आणि खाली एक आकडा. शाळेत एबीसीडी आली तेव्हा मी ती बोट फिरवून वाचली होती. हे काय आहे म्हणून मायला विचारलं, तर ती म्हणाली, गवंड्यानं आपलं नाव टाकलं असंल. पुढे चुन्याचे थर चढत गेले आणि अक्षरं बुजली.

कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं ते आवडीनं नाही. ज्या विषयाला जागा उरली होती तो घेतला. पण दुसऱ्या वर्षी मला तो विषय आवडायला लागला. आपण ज्यावर चालतो त्याच्याखाली काय आहे हे कुणीतरी शोधून लिहून ठेवलंय, ही गोष्ट मला फार मोठी वाटायची. मायचा तो फोन आला त्याच सुमाराला आमच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या तालुक्यातल्या खनिजांवर लिहून आणायला सांगितलं, तेही पुस्तकातून नाही, सरकारी अहवाल वाचून. हे अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात, वेबसाइटवर टाकलेले असतात, कुणालाही उघडता येतात, असं सर म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही. आमच्या गावात सातबारा काढायला दोन चकरा होतात.

पण अहवाल खरंच होता. फाइल मोठी होती. होस्टेलमधल्या माझ्या पुसदच्या मैत्रिणीनं आपलं नेट दिलं आणि ते उतरेपर्यंत मला चिडवत राहिली. "तुह्या गावात एसटी थांबत नाही अन् कोळसा सापडून राह्यला का वं? अहवालात गावाचं नाव तरी असन का?"

नाव होतं. इंग्रजीत असं लिहिलेलं की मी दोनदा मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं. मी तिला स्क्रीन दाखवली. आम्ही दोघी खूप हसलो. आमच्या गावाचं नाव मी इंग्रजीत छापलेलं पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला.

त्या अहवालात आमच्या भागात कोळसा किती खोल आहे हे शोधायला कुठे कुठे भोकं पाडली त्याची यादी मागे जोडली होती. प्रत्येक भोकाला तीन अक्षरं आणि एक आकडा. अक्षरं सगळ्यांना तीच, आकडा वेगळा. काम झालं की भोक बुजवून वर सिमेंटचा खांब उभा करायचा आणि त्यावर हा क्रमांक कोरायचा, अशी पद्धतही त्यात एका ओळीत सांगितली होती.

यादी मी खाली सरकवत होते. लहानपणी बोट फिरवून वाचलेला आमच्या खांबाचा आकडा आला तेव्हा मी थांबले. योगायोग असेल, असं मनाला सांगितलं. मग नकाशा उघडला. त्यावर नाल्याचं वळण दाखवलं होतं, आणि वळणाच्या आत एक ठिपका होता. ते वळण मी झोपेतही ओळखलं असतं. मैत्रीण विचारत होती, काय झालं, काय झालं. मी काही नाही म्हणाले आणि फाइल बंद केली.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. माय पाण्याला गेली होती. बाबा गोठ्यात बैलांसाठी सरकीची ढेप भिजवत होते. कसं विचारावं हे मी एसटीत बसून ठरवलं होतं, पण सगळं विसरले. खांब, मोबाइलातला अहवाल, असं काहीतरी अर्धवट बोलले. बाबांनी हात पाण्यातून काढला नाही.

"खांब त्याईचा हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी पोटात होते, माय बाळंतपणाला तिच्या माहेरी केळापूरकडे गेली होती. त्या दिवसांत भोकं पाडणारी माणसं मशीन घेऊन गावात आली. त्यांचा मुकादम भला माणूस होता. पिकाचं नुकसान होऊ नये म्हणून मशीन कुठे लावू, असं त्यानं बाबांना विचारलं. पऱ्हाटीला तेव्हा बोंडं धरली होती. नाल्याच्या बाजूला पडीक जागा आहे, तिथे लावा, असं बाबांनी सांगितलं. त्यांच्या मनात होती बांधापलीकडची पट्टी. दुसऱ्याच दिवशी माझा जन्म झाल्याचा निरोप आला आणि बाबा मला पाहायला गेले.

ते परतले तेव्हा काम उरकत आलं होतं. त्या माणसांना बांधाच्या अलीकडे पिकाच्या मधोमध एक मोकळा तुकडा दिसला होता. त्यावर काट्या आणि दगड. न वाहिलेली, टाकून दिलेली जागा समजून त्यांनी काट्या ओढून बाजूला केल्या. बाजूला चिखलाच्या पाण्यासाठी खड्डा खणला, मशीन उभी केली. त्यांचं काय चुकलं? आम्ही लेकरांच्या जागेवर काही लिहीत नाही. तिचं बारसंही झालेलं नव्हतं, लिहायचं म्हटलं तरी काय लिहिणार होते?

"जाताना सारं सपाट करून गेले," बाबा म्हणाले. "चांगलंच केलं त्याईनं, त्याईच्या हिशेबानं."

मी विचारलं, मायला तुम्ही का नाही सांगितलं.

ते बराच वेळ ढेप कुस्करत राहिले. मग म्हणाले, "तुले घेऊन आली ना, तं घरी जायच्या आंधी वावरात गेली. खांब पाह्यला. मले म्हने, तुमी बांधला? एवढी खुश झालती ते. मी हो म्हनलो. मंग ते हो काही माघारी घेता आलं नाही."

मला बाबांचा राग यायला हवा होता की काय, कोण जाणे. मला आला नाही. मी फक्त एवढंच म्हणाले की, मोजणीच्या वेळी माय त्याची नोंद करायला सांगणार आहे. बाबांनी मान हलवली. "लिहून घेतलं त्याईनं तं घेऊ दे. लिहिल्यानं कोनाचं काय जाते?"

मोजणी आली ती दिवाळीनंतर. मी कॉलेज बुडवून घरी होते. मायनं सकाळीच धुवट पातळ नेसलं होतं. वावरातच तीन दगडांची चूल मांडून चहाचं आधण ठेवलं होतं. खांबाला तिनं नवा चुना लावला होता आणि भोवतालचं गवत काढून टाकलं होतं. साहेबांना दुरून दिसलं पाहिजे, असं म्हणाली.

मोजणारे साहेब, तलाठी, गावचा कोतवाल आणि प्रकल्पाकडून आलेला एक वयस्क माणूस, असे चौघं होते. साहेब घाईत नव्हते, वाईट बोलत नव्हते. त्यांनी विहीर मोजली. बोरीची, पळसाची झाडं मोजली. एका कडुनिंबावरून कोतवालानं बाबांची थट्टा केली. "हा लिंब तं बांधाच्या तिकून हाय ना गा, शेजाऱ्याचा बी आपलाच म्हनून सांगतं का?" बाबा हसले. सगळे हसले. मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग ती पुढे झाली.

"साहेब, आता हे लिहा," ती म्हणाली. "हे माह्या पोरीची समाधी हाय."

साहेबांनी खांबाकडे पाहिलं. कागदावर खाली पाहिलं. समाधीसाठी वेगळं लिहावं लागेल, पण लिहिता येईल, असं ते तलाठ्याला म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं.

पण तो वयस्क माणूस जवळ आला. त्यानं खिशातल्या किल्लीनं चुना थोडा खरवडला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जुनी ओळखीची वस्तू सापडल्यावर माणूस करतो तसं त्यानं केलं. एक अक्षर दिसलं, मग दुसरं.

"बाई, हा तर आमचा बोअरचा खांब आहे," तो म्हणाला. "कोळसा पाहिला होता ना इथं, त्या वेळचा."

"नाही जी," माय म्हणाली. "ह्याईनं बांधेल हाय." तिनं बाबांकडे बोट केलं.

बाबांनी साहेबांना हात जोडले. "समाधीच हाय साहेब. लिहा तुमी."

तलाठी अडचणीत पडला. तो आमच्या ओळखीचा. त्यानं मला विचारलं, "तू वणीला हेच शिकतेस ना? तूच सांग काय आहे ते. तू म्हणशील ते साहेब लिहितील."

त्याला माझी मदतच करायची होती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी तोंड उघडलं. खांबाचा क्रमांक, अहवाल, नकाशा, सगळं मला माहीत होतं. समाधी आहे, एवढे दोन शब्द म्हणायला काय लागत होतं? ते खोटं होतं असंही मला वाटत नाही. पण मायचे डोळे माझ्यावर होते, आणि तिच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेना. दुसरंही निघेना. मी तशीच उभी राहिले.

मायनं माझ्या चेहऱ्यात काय पाहिलं माहीत नाही. ती बाबांकडे वळली. अगदी हळू विचारलं, "तुमी बांधला होता ना?"

"जागा तेच हाय," बाबा म्हणाले. "खांब त्याईचा हाय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तो वयस्क माणूस खरवडलेल्या चुन्यावर अंगठा फिरवत होता, जणू तो परत बसवता येईल. माय म्हणाली, चहा झाला आहे, घेऊन जा. त्यांनी घेतला. जाताना तलाठी माझ्याजवळ थांबला आणि अर्ज केला तर पाहता येईल असं काहीतरी म्हणाला. मी मान हलवली.

दुपारभर माय घरात दळण निवडत बसली. बाबा गोठ्यातून आत आले नाहीत. मी मध्ये कुठेतरी भिंतीला टेकून बसले होते. दिवस कलल्यावर मायनं मला हाक मारली.

"त्याईनं जे भोक पाडलं, त्याचं लिहून ठेवलं हाय म्हने तुह्या मोबाइलात?"

हे तिला कुणी सांगितलं? मध्ये एकदा ती बाबांना पाणी द्यायला गोठ्यात गेली होती, तेव्हा बहुतेक त्यांना विचारलं असावं. मी हो म्हटलं.

"वाचून दाखव."

त्या भोकाचा तपशील मी त्याआधी उघडून पाहिलेला नव्हता. माझी हिंमत झाली नव्हती. अहवालाच्या अगदी शेवटी प्रत्येक भोकाचा एकेक तक्ता असतो, वरून खाली काय काय लागलं त्याचा. फाइल उघडायला वेळ लागला. माय पदर झटकून माझ्याजवळ येऊन बसली. बाबा दाराशी आले होते, आत येत नव्हते.

मी खालून सांगायला लागले. कोळसा कुठे लागला, त्यावर वाळूचा दगड, त्यावर पिवळी चिकणमाती. मायनं मला थांबवलं. "वरचं सांग. सगळ्यात वरचं."

"काळी माती," मी म्हणाले.

"मंग?"

"बस. काळी माती, दोन मीटरपर्यंत. त्याखाली पिवळी."

"त्या मातीत काही सापडलं असं लिहिलं हाय का?"

"नाही, माय."

"नीट पाय."

मी अक्षरं मोठी केली. त्या चौकटीत दोनच इंग्रजी शब्द होते. बाकीच्या थरांपुढे रंग, कण, कठीणपणा, सगळं लिहिलेलं होतं, कारण दगड नळीतून लांब कांड्यांसारखा बाहेर येतो आणि तो पेट्यांत भरून जपून ठेवतात. वरची माती ते ठेवत नाहीत. ती नुसती बाजूला टाकतात. माती कुठे ठेवली, असं मायनं विचारलं तेव्हा मला हे सांगावं लागलं. आम्हाला वर्गात शिकवलं होतं ते मी सांगितलं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं.

"म्हंजे वावरातच," माय म्हणाली.

"हो."

वावर जाणार होतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला वाटलं माय आता रडेल. पण ती दाराकडे वळली आणि बाबांना म्हणाली, आत या. बाबा आले, उंबऱ्याच्या आतच खाली बसले. इतक्या वर्षांत त्या दोघांना मी असं समोरासमोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी काही बोलायच्या आधी दोनदा घसा साफ केला. माफी मागणार होते असं मला वाटतं. मायनं मागू दिली नाही.

"किती खोल खंदलं होतं?" तिनं विचारलं.

"कमरेइतकं."

"तिचं डोकं कोणीकडं?"

बाबांनी हातानं दाखवलं. नाल्याच्या बाजूला.

"कायच्यात गुंडाळलं?"

"तुह्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. तुह्या मायनं फाडून देल्लं, ते तवा आपल्याइथं होती."

मायनं मान हलवली. ते लुगडं कुठे गेलं म्हणून तिनं कधी शोधलं होतं का, ते मी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल हे दोघं आजवर कधी बोललेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. बायकांनी जायचं नसतं म्हणून माय गेली नाही, आणि गेली नाही म्हणून विचारलं नाही, आणि नंतर खांब होता, तिकडे पाहिलं की पुरे व्हायचं.

मी मोबाइल बाजूला ठेवला. उठून जावं असं वाटत होतं, पण मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो ती काढत नव्हती.

"पयलेपासून सांगा," ती बाबांना म्हणाली. "घरून निघाले तथून."

बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, मांडीवर घेतला. बाहेर बैल ढेपेसाठी हंबरायला लागले होते.

"मी निघालो तवा तू झोपेल होती," ते म्हणाले. "मी तिले तुह्याजवळून उचललं."